एमबीए : केव्हा, कोठे आणि कोणत्या पैशाने?

पदवीचा निकाल लागला की आपल्या अनेक व्यापारी घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलगा किंवा मुलगी म्हणते, "एमबीए करायचे आहे." वडिलांना भीती वाटते की, पदवी मिळाली म्हणजे मूल पुन्हा दुकानात पाऊल ठेवणार नाही. मुलांना वाटते, दुकानात बसलो की शिक्षण संपले. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. शिवाय शुल्काची रक्कम बहुधा धंद्याच्या भांडवलातूनच जाते. म्हणून हा हिशेब प्रवेशाआधीच मांडला पाहिजे.

केव्हा करावे?

ज्याला कंपनीत नोकरी करायची आहे, त्याने पदवीच्या शेवटच्या वर्षी प्रवेश परीक्षा द्यावी. घरचा धंदा पुढे न्यायचा असेल, तर आधी दोन-तीन वर्षे धंद्यात काढावीत. मालेगाव-भिवंडीचा पॉवरलूमचा धंदा घ्या. सुताचे पैसे ठरल्या दिवशी द्यावे लागतात. कापडाचे पैसे मात्र अनेकदा उशिरा हाती येतात. ही ओढाताण ज्याने सोसली, त्याला वर्गात खेळत्या भांडवलाचा धडा लगेच उमगतो. इतरांसाठी ते परीक्षेपुरते सूत्र राहते.

प्रेषित मुहम्मद (स.) हजरत खदीजा (र.) यांचा माल घेऊन सीरियाला गेले, तेव्हा सचोटीमुळे लोक त्यांना 'अल-अमीन' म्हणून ओळखत होते. व्यवहारात कमावलेला विश्वास हेच त्यांचे भांडवल होते.

कोठे करावे?

आयआयएमसाठी कॅट परीक्षा द्यावी लागते. नागपूरचे आयआयएम २०१५ मध्ये सुरू झाले आणि मुंबईची 'निटी' २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. राज्यातील इतर बहुतेक महाविद्यालयांसाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा असते. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ पासून नावाजलेली आहे. मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची आणि पुण्यात आझम कॅम्पसमध्ये व्यवस्थापनाची महाविद्यालये आहेत. अल्पसंख्याक संस्थांत समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा असतात. त्यांची माहिती वेळेत घ्यावी.

जाहिरातीवर विसंबू नये. संस्थेला एआयसीटीईची मान्यता आहे का, पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळणार, हे कागदावर पाहावे. सरासरी पगाराचा आकडा दोन-चार मोठ्या नोकऱ्यांमुळे फुगतो. म्हणून निम्म्या विद्यार्थ्यांना किती पगारापेक्षा कमी मिळाले, हे विचारावे. गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या दोन विद्यार्थ्यांना भेटावे. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क ठरवण्यासाठी राज्यात शुल्क नियामक प्राधिकरण आहे. मंजूर शुल्क तेथे तपासून घ्यावे.

दुकान सोडता येत नसेल, तर इग्नू किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा मार्ग आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानावी, असे यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केले. मुंबईच्या एस. पी. जैन संस्थेत कौटुंबिक व्यवसाय सांभाळणाऱ्यांसाठी वेगळा अभ्यासक्रमही आहे.

पैसा कोठून आणावा?

जुन्या आयआयएमचे दोन वर्षांचे शुल्क वीस लाखांच्या वर जाते. बँकेचे शैक्षणिक कर्ज म्हणजे व्याज, आणि ते अनेक दीनदार घरांना मान्य नसते. अशा घरांनी दोन-तीन वर्षांच्या अनुभवाच्या काळातच शुल्काची रक्कम बाजूला टाकावी. काका-मामांकडून कर्जे-हसना घेतले, तर ते लिहून, साक्षीदारांसमोर घ्यावे. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत हाच आदेश आहे. कारागिराने यंत्रे किंवा दुकान विकून मुलाला एमबीए करू नये. परत येऊन चालवायला धंदाच उरला नाही, तर पदवीचा उपयोग काय?

प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी मुलाने एक कागद घ्यावा आणि आपल्या धंद्यातील न सुटलेले तीन प्रश्न लिहावेत. ते लिहिता आले, तर वेळ झाली आहे असे समजावे. लिहिता आले नाहीत, तर आणखी एक वर्ष वडिलांच्या शेजारी बसावे. इन्शाअल्लाह, ते वर्ष वाया जाणार नाही.