अंगठा घेत नाही

यंत्रावर बोट ठेवायला सांगण्याआधी तो आजीचा हात आपल्या हातात घेऊन नीट पाहतो. कुठे चीर पडली आहे, कुठे कातडी गुळगुळीत झाली आहे, कोणत्या बोटावर अजून रेषा शिल्लक आहेत. मग म्हणतो, "आजी, बोट डोक्यावरून फिरोव." केसांचं तेल बोटाला लागलं की कोरड्या कातडीवरच्या रेषा जरा उठतात. "आता ठेव. दाबू नोको, नुसतं टेकोव."

तो बँकमित्र; तिवशाच्या बाजारात त्याचं दुकान आहे. एक टेबल, लॅपटॉप, ठसे घेणारं छोटं यंत्र आणि बाहेर एक बाकडं. मी आले होते बँकेत, केवायसीसाठी. मागे दिलेलीच कागदपत्रं पुन्हा मागितली होती, त्याचा वैताग होताच. पण माझ्या पुढच्या आजीला काउंटरवरून "अंगठा येत नाही, बँकमित्राकडे जा" एवढंच सांगून वाटेला लावलं आणि मला राहवलं नाही. मी तिच्याबरोबर निघाले. स्लिपवर अंगठा उमटवून, पासबुकावरचा फोटो पाहून शाखेतच पैसे देता येतात. पण दीड हजाराच्या गिऱ्हाइकासाठी तेवढा वेळ कोण काढतो?

म्हाताऱ्यांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे पंधराशे. बाकड्यावरच्या प्रत्येकीच्या तोंडी हाच आकडा होता. पंधराशे जमा झाले का, पंधराशे एका महिन्याचे की दोन महिन्यांचे मिळून तीन हजार आले, पंधराशातून किराण्याचे किती द्यायचे. ही रक्कम २०२३ मध्ये हजारावरून पंधराशे झाली. ती मिळवण्यासाठी हातात असावी लागते ती बोटांवरची रेघ, आणि नेमकी तीच निंदण-खुरपणीत आणि कापूस वेचण्यात झिजून गेलेली. उकललेल्या बोंडाची वाळकी टोकं काट्यासारखी टोचतात. वेचणीच्या दिवसांत बोटांची टोकं सोलून निघतात. ज्यांनी हातानं कधी काम केलं नाही, त्यांचा अंगठा यंत्र पहिल्या झटक्यात घेतं.

आजीचा उजवा अंगठा गेला, डावाही गेला. लाल उजेड लागायचा, पडद्यावर ठसा जुळला नसल्याचं यायचं. "माहाच अंगठा काऊन घेत नाई हे?" आजीनं विचारलं. आवाजात अपराधी भाव होता, आणि मला सगळ्यात जास्त तेच लागलं. तो म्हणाला, "तुह्या हातात खोट नाई आजी. मशीनच तशी हाय."

मग त्यानं तिचं पासबुक उलटं केलं. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: उजवं, तिसरं. मागच्या खेपेला चाललेलं बोट. त्यानं अशी नोंद बऱ्याच जणींच्या पासबुकावर करून ठेवली आहे. हे काम त्याला कुणी सांगितलेलं नाही. पैसे निघाले तर कमिशन, नाही निघाले तर गेलेला वेळ त्याचाच.

रिझर्व्ह बँकेनं २००६ मध्ये बँकांना बँकमित्रासारखे प्रतिनिधी नेमायची मुभा दिली, ती खेड्यातल्या माणसाच्या दारापर्यंत बँक जावी म्हणून. बँक खरंच जवळ आली, हे मान्य. पण ज्या आधारशी हा ठसा जुळवतात, ते काढताना दहाही बोटं घेतली, दोन्ही डोळे घेतले, चेहरा घेतला. मग पैसे देताना एकट्या बोटावरच का अडता? डोळ्यांनी, चेहऱ्यानं ओळख पटवण्याची सोय आहे, तर ती सगळ्यात आधी वेचणी करणाऱ्या बायांच्या गावात यायला हवी होती.

बाकड्यावरच्या दुसऱ्या बाईचं दुखणं वेगळं. दुसऱ्या एका ठिकाणी तिच्या खात्यातून पैसे वळते झाले, हातात काही आलं नाही, पावतीही नाही. "सर्वर डाउन होता म्हने." रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे: असा फसलेला व्यवहार पाच दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. हा नियम मराठीत, मोठ्या अक्षरांत प्रत्येक दुकानाबाहेर लागायला हवा.

आजीचं चित्त एव्हाना घड्याळाकडे होतं. त्या दिवशी आश्विन वद्य पंचमी, मोझरीला तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी. ११ ऑक्टोबर १९६८ ला महाराज गेले. दरवर्षी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी तिथल्या गुरुकुंज आश्रमात हजारो माणसं जागच्या जागी उभी राहून मौन श्रद्धांजली वाहतात. "बापू, मले मोझरीले जाचं हाय," ती परत परत सांगत होती.

तिसरं बोट लागलं. त्यानं पंधराशे मोजले, तिच्यासमोर पुन्हा मोजले, पावती पासबुकात घातली. आम्ही एसटी पकडली. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटी मोफत आहे. आजीनं आधार कार्ड काढलं. कंडक्टरनं कार्डावरचा फोटो पाहिला, आजीच्या तोंडाकडे पाहिलं आणि शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं. ओळख पटवायला त्याला तेवढं पुरलं.