भिंत वाळवायची तर कोणतं यंत्र?

जुलै २०२१ मध्ये मोर्णा नदीला पूर आला नि अकोल्यातल्या अनेक घरांत पाणी शिरलं. अशा वेळी वऱ्हाडात हाताशी असतो तो कूलर. पण टाकीत पाणी भरून तो लावलात, तर खोलीतला दमटपणा वाढेलच. टाकी कोरडी ठेवून नुसता पंखा म्हणून चालवा आणि वारा भिंतीलगत, आडवा जाऊ द्या.

पंखा ओल भिंतीतून हवेत आणतो. हवेतून ती काढायला डीह्युमिडिफायर लागतो. आपल्या उबदार पावसाळ्यात कॉम्प्रेसरचा चालतो. तो सुरू असताना खिडक्या बंद ठेवा, नाहीतर बाहेरचीच दमट हवा गाळत बसाल. खोक्यावरचा ‘रोज इतके लिटर’ हा आकडा बहुधा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेचा असतो. हवा कोरडी होत गेली की पाणी कमी निघतं. हॅलोजन हीटरच्या नादी लागू नका, वरचा थर वाळतो नि आत ओल तशीच राहते. काळ्या मातीवरच्या जुन्या घरांत ओल जमिनीतूनच वर चढत असेल, तर कुठलंही यंत्र पुरणार नाही.

पुट्टी-रंगाआधी भिंतीवर फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. आतून थेंब दिसले, तर रंगाऱ्याला थांबवा. आणि यंत्र लावण्याआधी वायरिंग तपासून घ्याच.