विजेचा जमाखर्च

मोटारींच्या शर्यती म्हणजे धनिकांचा पोरखेळ, असें म्हणून आमच्यासारखीं वयोवृद्ध माणसें तो विषय बाजूस सारतात. परंतु या गाड्यांत वीज सांठविण्याचे जे उपाय योजिले जातात, ते प्रत्येक सुज्ञ कुटुंबानें समजून घेण्याजोगे आहेत. कारण त्यांच्या मुळाशीं प्रश्न आहे तो काटकसरीचा.

धांवत्या गाडीस ब्रेक लाविला म्हणजे तिच्या गतीची उष्णता होते व ती वाऱ्यावर जाते. पेट्रोलचें एंजिन आणि विजेची मोटर अशा दोहोंवर चालणाऱ्या संकरित गाडींत हा अपव्यय बराचसा टाळतात. ब्रेक लागतांच तीच मोटर जनित्राचें काम करूं लागते. निर्माण झालेली वीज बॅटरींत जमा होते आणि वळण संपतांच पुन्हा चाकांस मिळते. फॉर्म्युला वन शर्यतींच्या २०१४ ते २०२५ पर्यंतच्या नियमांप्रमाणें बॅटरींतून या मोटरीस एका फेरींत ४ मेगाज्यूल ऊर्जाच घेतां येई. घरच्या मीटरच्या भाषेंत हें एका युनिटाहून किंचित् अधिक झालें! १२० किलोवॅटच्या पूर्ण शक्तीनें मोटर चालविल्यास तें अवघ्या ३३ सेकंदांत संपे. तेव्हां या बॅटरीचा खरा गुण मोठें पोट हा नसून, त्वरित घेणें व त्वरित देणें हा होय.

अशा त्वरित देवघेवींत बॅटरी तापते, आणि अति तापली तर तिचें आयुष्य घटतें. प्रसंगीं आगही लागते. म्हणून अनेक लहान घट एकत्र बसवितांना त्यांमधून शीतक द्रव खेळवितात व त्यांच्या तपमानावर अखंड पहारा ठेवितात. आम्हां परळीकरांस हें पटण्यास वेळ लागूं नये. २०१३ सालच्या दुष्काळांत येथील औष्णिक विद्युत् केंद्र बंद ठेवावें लागलें, तें पाण्याच्या अभावीं. उष्णता निर्माण करण्याइतकेंच तिला वाट करून देणेंही महत्त्वाचें, हा धडा आमच्या गांवानें तेव्हांच घेतला.

आतां पुरवठ्याविषयीं. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींतील एका वर्गांत २०२३ पासून सर्व संकरित गाड्यांस बॅटरी विल्यम्स अ‍ॅडव्हान्स्ड एंजिनिअरिंगची आणि मोटर बॉशची, असा दंडक घातला गेला. हेतु हा कीं, खर्च आटोक्यांत रहावा. केवळ विजेवर चालणाऱ्या फॉर्म्युला ई शर्यतींतही बॅटरी सर्वांस सारखीच असते. तेथें मुंबईच्या महिंद्र कंपनीचा संघ २०१४ च्या पहिल्या हंगामापासून आहे. २०१७ सालीं बर्लिन येथें त्यानें पहिला विजय मिळविला. आमच्या परळीहून रेल्वेनें गांठतां येणाऱ्या हैदराबादेंतही ११ फेब्रुवारी २०२३ रोजीं ही शर्यत झाली.

या शर्यतीचा जमाखर्च मोठा बोधप्रद आहे. आरंभीं बॅटरींतील २८ युनिटें पुरत नसत, म्हणून चालकास मध्येंच दुसऱ्या गाडींत बसावें लागे. २०१८ च्या अखेरीस आलेल्या बॅटरींत ५२ युनिटें वापरतां येऊं लागलीं व एका गाडींत शर्यत पुरी झाली. पण २०२३ च्या गाडीस सुमारें ३८.५ युनिटेंच देण्यांत आलीं, तरी वेग वाढला! कारण, आतां पुढील चाकांवरूनही वीज परत मिळूं लागली. सांठा घटला, परंतु वसुली वाढली. ज्या घरांत उधळपट्टी थांबते, त्या घरास मोठी तिजोरी लागत नाहीं, हें गृहिणींस वेगळें सांगावयास नको.

मात्र एका गोष्टीचा खेद वाटतो. संघ भारतीय असला तरी त्याची बॅटरी परदेशची. घट देशांतच निर्माण व्हावे म्हणून २०२१ सालीं केंद्र सरकारनें १८,१०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. परंतु पैशानें कारखाना उभा राहतो, विद्या उभी रहात नाहीं. दिवसा मिळणारी सूर्याची वीज रात्रीसाठीं राखावयाची तर हीच विद्या हवी, आणि आमच्या बीड जिल्ह्यांत पाण्याचा तुटवडा असला तरी उन्हाचा नाहीं. म्हणून घरांतील एखाद्या मुलास वा मुलीस रसायनशास्त्राची गोडी असेल, तर "त्यांत पुढें काय आहे?" असें विचारून वडील मंडळींनीं तिचा हिरमोड करूं नये. त्यांत पुढें पुष्कळ आहे.