दिवा लागतो, मग इंजिन का नाही?

श्रोतेहो, नौपाड्यापासून ठाण्याची खाडी लांब नाही. तिथल्या खाऱ्या हवेने मोटारहोडीच्या बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी पूड धरते. मग दिवा लागतो. स्टार्टर मात्र नुसता टकटक करतो. लगेच नवी बॅटरी आणायला धावू नका!

ओहमचा १८२७ सालचा नियम आठवा : प्रवाह गुणिले रोध म्हणजे दाबातील घट. पुडीचा रोध ०.०५ ओहम धरा. दिव्याच्या १ अँपिअरला ०.०५ व्होल्टच खर्ची पडतो. स्टार्टरने १०० अँपिअर ओढू पाहिले, की ५ व्होल्ट तिथेच जातात. १२ पैकी उरतात ७!

म्हणून पेट्रोलचा वास नाही ना, ते आधी पाहा. ऋण तार प्रथम सोडा, टोके घासा, कोरडी करून घट्ट आवळा. हे सारे काठावरच करावे. ओहोटीच्या ओढीत सवड मिळत नाही.