दोन मायक्रोग्रॅम, तीन पिढ्या

आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत बाळाच्या मेंदूत दर सेकंदाला दहा लाखांहून जास्त नव्या जोडण्या होतात. तासाला ३६० कोटी!

भंडारा जिल्ह्यात रोवणीच्या दिवसांत बाया सकाळीच बांधीत उतरतात. गुडघाभर चिखल, डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी, कमरेतून वाकलेली पाठ. धुऱ्यावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधलेली, तिच्यात तान्हं निजलेलं. आठ तासांनी ती बाई पाठ सरळ करते, तेव्हा झोळीतल्या डोक्यात २,८८० कोटी जोडण्या झालेल्या असतात. तीच बाई पुन्हा गरोदर असेल आणि पोटात मुलगी असेल, तर पाचव्या महिन्यात त्या गर्भाच्या अंडाशयांत साठ-सत्तर लाख बीजपेशी असतात. म्हणजे तिच्या नातवंडाचा अर्धा वाटाही त्याच चिखलात उभा असतो.

बालपणाचे हाल किती दूर पोचतात, हे अमेरिकेत सॅन दिएगोच्या १७ हजारांहून अधिक प्रौढांना विचारलं गेलं. मारहाण, हेळसांड, घरातलं दारूचं व्यसन असं लहानपणी काहीतरी भोगलेले जवळजवळ दोन तृतीयांश निघाले. असं काहीच न भोगलेल्यांच्या तुलनेत चार किंवा जास्त प्रकार भोगलेल्यांत व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण चार ते बारा पट होतं. पुढे हीच माणसं आईबाप होतात.

आपल्याकडे मात्र हाल पोटातच सुरू होतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींची नोंद ठेवली. लग्न झालेल्या, पण त्या वेळी गरोदर नसलेल्या दोन हजारांवर बायांपासून त्यांनी सुरुवात केली. गरोदरपणाआधी या बायांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. ज्यांना कष्ट जास्त, त्यांची बाळं लहान. पालेभाज्या, फळं जास्त खाणाऱ्यांची बाळं मोठी. सुमारे दोन तृतीयांश बायांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं.

मला थक्क करतं ते याच्या पुढचं काम. ती बाळं किशोरवयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांच्यातल्या काहींना रोज दोन मायक्रोग्रॅम ब-१२ दिलं गेलं. त्यांच्यातल्या काही मुली पुढे आया झाल्या. ज्यांना ते मिळालं होतं, त्यांची मुलं दोन वर्षांच्या सुमारास आकलनाच्या आणि भाषेच्या चाचण्यांत सरस ठरली.

दोन मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचे पाच लाख भाग करून त्यातला एक. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्यात बारा लाख माणसं होती. सगळ्यांना रोज द्यायचं म्हटलं, तरी २.४ ग्रॅम पुरतं.

मार आणि उपेक्षा यांवर गोळी नाही, हे खरं. पण गरोदर बाईला रोवणीतून सुटी, तिच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई आणि किशोरवयीन लेकीच्या ताटात ब-१२ पुरवणारं दूध-अंडं, एवढं तर आपल्या हातात आहे. पुढच्या रोवणीआधी आपल्या ग्रामसभेत हा विषय मांडा.