क्रॅश टेस्टमधला 'माणूस' काय सांगतो? सीटबेल्ट, हेल्मेट आणि मांडीवरच्या बाळाचं गणित

माधवनगर : सांगली-तासगाव रस्त्यावर सकाळी थोडा वेळ उभं राहिलं तरी दिसतं, कारमध्ये पुढं बसलेल्या बाईंच्या मांडीवर बाळ, मागं बसलेल्यांपैकी कुणालाच बेल्ट नाही. दुचाकीवर टाकीपुढं पोरगं आणि हेल्मेट हँडलला अडकवलेलं. 'इथं बुधगावपर्यंत तर जायचंय' हे उत्तर ठरलेलं. एवढ्याशा अंतरात नेमकं काय होऊ शकतं, हे शोधण्यासाठी संशोधक माणसाच्या मापाचा पुतळा वापरतात. त्याला 'डमी' म्हणतात.

डमी म्हणजे नक्की काय?

कापड दुकानातला पुतळा नुसता दिसायला माणसासारखा असतो. क्रॅश टेस्टचा डमी आतूनही माणसासारखा वागावा असा बनवतात. त्याला लोखंडी सांगाडा, वाकणाऱ्या फासळ्या, रबराची मान आणि वरून कातडीसारखं आवरण असतं. डोकं, मान, छाती, मांडी अशा ठिकाणी सेन्सर बसवलेले असतात. धडक बसली की डोक्याला किती हिसका बसला, छाती किती दबली, मांडीच्या हाडावर किती जोर आला, हे सगळं कॉम्प्युटरवर नोंदवलं जातं. डमीच्या चेहऱ्याला रंगही लावतात. धडकेनंतर तो रंग कुठं लागलाय ते बघितलं की डोकं कुठं आपटलं ते कळतं.

असा पहिला डमी 1949 मध्ये अमेरिकेच्या हवाई दलासाठी तयार झाला. विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणारी सीट तपासायला तो लागत होता. आज सर्वाधिक वापरला जाणारा 'हायब्रिड थ्री' डमी साधारण 175 सेंटिमीटर उंच आणि 78 किलो वजनाचा आहे. किती दाबाला फासळी मोडते याचं ज्ञान मात्र डमीतून आलेलं नाही. लोकांनी मृत्यूनंतर दान केलेल्या देहांवरच्या अभ्यासातून ते आलं आहे.

आपल्याकडं कुठं होतं हे काम?

पुण्यात कोथरूडची 'एआरएआय टेकडी' अनेकांना माहीत असेल. तिला हे नाव 1966 मध्ये सुरू झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेमुळं पडलं. देशातल्या गाड्यांची तपासणी करणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी ही एक आहे.

1 ऑक्टोबर 2023 पासून देशात 'भारत एनकॅप' ही स्टार देण्याची पद्धत सुरू झाली. यात कार ताशी 64 किलोमीटर वेगानं समोरच्या अडथळ्यावर आदळवतात. पुढच्या सीटवर मोठ्या माणसांचे डमी असतात. मागं चाइल्ड सीटमध्ये दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाचे डमी असतात. बाजूनं धडक देण्याची चाचणी वेगळी होते. डमीला किती इजा झाली असती यावरून गाडीला एक ते पाच स्टार मिळतात.

पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. चाचणीत डमीला बेल्ट लावलेला असतो. म्हणजे पाच स्टार मिळतात ते बेल्ट लावलेल्या माणसासाठी. बेल्ट नसेल तर ते स्टार तुमच्या कामाचे नाहीत. एअरबॅगसुद्धा बेल्टच्या जोडीला असते, बेल्टच्या ऐवजी नाही.

साधं गणित करून बघा

ताशी 50 किलोमीटरची धडक म्हणजे जवळपास 10 मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्यासारखं आहे. त्या वेगातली गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर 10 किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे 140 किलोचा जोर लागतो. कितीही ताकदीची आई असो, एवढ्या क्षणात हे कुणालाच जमत नाही. बाळ हातातून सुटतं आणि पुढं आपटतं. मागच्या सीटवर बेल्ट न लावलेला माणूसही तसाच पुढं फेकला जातो आणि पुढच्याच्या पाठीवर आदळतो. म्हणून मागं बसणाऱ्यांनाही बेल्ट कायद्यानं सक्तीचा आहे.

हेल्मेटच्या चाचणीतही 'डोकं' असतं

हेल्मेटला आयएसआय शिक्का मिळण्याआधी ते डोक्याच्या आकाराच्या साच्यावर चढवून उंचावरून लोखंडी ठोकळ्यावर सोडतात. आतल्या डोक्याला किती हिसका बसला ते मोजतात. हनुवटीखालचा पट्टाही ओढून तपासतात, कारण पट्टा लावला नाही तर हेल्मेट धडकेआधीच उडून जातं. 1 जून 2021 पासून आयएसआय शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायला बंदी आहे. रस्त्याकडेला मिळणारी स्वस्तातली टोपी या चाचणीतून गेलेली नसते.

चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं असेल तर त्याच्या मापाचं हेल्मेट, चालकाला बांधणारा पट्टा आणि ताशी 40 किलोमीटरची मर्यादा, असा नियम 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे.

डमी कुणासारखा, हाही प्रश्न आहे

नेहमीचा डमी सरासरी अमेरिकन पुरुषाच्या मापाचा आहे. बाईचा म्हणून वापरला जाणारा लहान डमी बरीच वर्षं पुरुषाच्या डमीचंच छोटं रूप होता. बाईची मान, छाती, बसण्याची पद्धत वेगळी असते. सरासरी बाईच्या शरीराप्रमाणं बनवलेला डमी स्वीडनमधल्या संशोधकांनी 2022 मध्ये पुढं आणला. आता कॉम्प्युटरमध्येही हाडं, स्नायू, अवयवांसह आख्खं शरीर तयार करतात. टोयोटानं असं मॉडेल 2021 पासून संशोधकांना फुकट खुलं केलं आहे. त्यात उंची, वय, बांधा बदलून तपासता येतं.

एक जागा मात्र कुठल्याच स्टारमध्ये मोजलेली नाही : पिकअप आणि टेम्पोचा हौदा. द्राक्षाच्या हंगामात त्यात माणसं बसवून नेतात. तिथं ना सीट, ना बेल्ट. माणूस सुरक्षित राहील असा त्या जागेचा विचारच झालेला नाही.

एवढं करा

गाडी घेताना शोरूममध्ये भारत एनकॅपचे स्टार विचारा, मोठ्यांचे वेगळे आणि मुलांचे वेगळे. निकाल त्यांच्या वेबसाइटवर मोबाइलवरही बघता येतात. बाळाला मागच्या सीटवर चाइल्ड सीटमध्ये बसवा. मागं बसलेल्या आजी-आजोबांनाही बेल्ट लावा. हेल्मेटचा पट्टा 'टक' आवाज येईपर्यंत लावा, मग अंतर माधवनगर ते बुधगाव एवढंच का असेना.