नऊ महिन्यांचं काम, पण पाया पहिल्या आठ आठवड्यांत: गर्भाच्या घडणीविषयीचे गैरसमज

घरात गोड बातमी कळते तेव्हा बहुधा पाळी चुकून आठ-दहा दिवस झालेले असतात. "अजून फार लवकर आहे, तिसरा लागला की बघू," असं म्हणत डॉक्टरकडे जाणं, गोळ्या, तपासण्या सगळंच पुढे ढकललं जातं. पोटातला जीव त्या वेळी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा असतो, पण नेमक्या त्याच दिवसांत त्याच्या हृदयाची पहिली हालचाल सुरू होत असते. कुठे हृदयाची भिंत, कुठे मज्जारज्जू, कुठे यकृत अशी पायाभरणी चाललेली असते आणि या सगळ्या कामांना एकत्र बांधणाऱ्या रक्तवाहिन्या त्यांच्या जोडीनेच वाढत असतात. ही गोष्ट नीट कळली तर गर्भारपणाविषयीच्या कितीतरी समजुती आपोआप गळून पडतात.

एक खुलासा आधीच करायला हवा. या लेखातले दिवस आणि आठवडे गर्भधारणेपासून मोजलेले आहेत. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे त्यांचा आकडा साधारण दोन आठवड्यांनी जास्त येतो.

गैरसमज १: पहिले तीन महिने गर्भ म्हणजे नुसता मांसाचा गोळा असतो.

वस्तुस्थिती: तिसऱ्या आठवड्यातच गर्भाच्या पेशी तीन थरांत मांडल्या जातात. बाहेरच्या थरापासून त्वचा, मेंदू आणि मज्जारज्जू होतो. मधल्या थरातून हृदय, रक्त, रक्तवाहिन्या, हाडं, स्नायू आणि मूत्रपिंडं येतात. आतल्या थरातून आतड्याचं अस्तर, फुप्फुसं, यकृत आणि स्वादुपिंड यांची सुरुवात होते. आठवा आठवडा संपतो तेव्हा गर्भ सुमारे तीन सेंटिमीटरचा असतो आणि सगळ्या प्रमुख अवयवांचा पाया घातला गेलेला असतो. पुढचे महिने मुख्यतः वाढीचे आणि परिपक्व होण्याचे असतात. मेंदू आणि फुप्फुसांचं काम तर जन्मानंतरही चालू राहतं.

मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून होतात, ती नळी २८ व्या दिवसाच्या सुमारास पूर्ण मिटते. ती मिटायची राहिली तर पाठीच्या कण्याचे किंवा मेंदूचे गंभीर जन्मदोष राहतात. फॉलिक ॲसिडमुळे हे दोष टळू शकतात. ज्या स्त्रियांच्या आधीच्या बाळाला असा दोष होता, त्यांच्यावर सात देशांत मिळून झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९१ मधल्या अभ्यासात दोष पुन्हा होण्याचं प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटलं. मात्र गोळी त्या २८ दिवसांच्या आत पोटात असायला हवी. म्हणून रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून घ्यायची असते. आधीच्या बाळात दोष असेल तर मात्रा मोठी लागते, ती डॉक्टरांनी ठरवावी.

गैरसमज २: आधी हृदय तयार होतं आणि मग त्यातून रक्तवाहिन्या फुटतात.

वस्तुस्थिती: कोणता अवयव पहिला, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात तो नोंदलेला आहे. शौनकांच्या मते आधी डोकं, कृतवीर्यांच्या मते हृदय, पाराशरांच्या मते नाभी, तर मार्कंडेयांच्या मते हातपाय. धन्वंतरींचा निवाडा असा, की सगळी अंगं बरोबरच होऊ लागतात, फक्त सूक्ष्म असल्यामुळे वेगळी दिसत नाहीत. कोवळ्या कैरीत गर, कोय आणि रेषा वेगळ्या ओळखता येत नाहीत, पिकल्यावर त्या स्पष्ट होतात, तसं. आजचं शास्त्र घडणीतला क्रम मानतं, पण एका अवयवातून बाकीचे निघतात असं मात्र मानत नाही.

रक्तवाहिन्यांची सुरुवात तर हृदयापासून दूर, गर्भाला लागून असलेल्या पीतकपिशवीच्या भिंतीत होते. सतराव्या-अठराव्या दिवसाच्या सुमारास तिथे पेशींचे लहान पुंजके दिसू लागतात. पुंजक्याच्या कडेच्या पेशी चपट्या होऊन नळीची भिंत बनतात, आतल्या पेशींचे रक्तकण होतात. असे पुंजके एकमेकांना जोडले जाऊन जाळं तयार होतं. थोड्याच काळात गर्भाच्या अंगातही सुट्या पेशी जागच्या जागी जुळून नळ्या होतात. हृदय धडधडू लागतं ते २२ व्या दिवसाच्या आसपास आणि तेही त्या वेळी एक साधी नळीच असतं.

ही घडण जिवंतपणी डोळ्यांनी पाहणाऱ्यांत फ्लोरेन्स सेबिन यांचं नाव महत्त्वाचं. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९१७ च्या सुमारास त्यांनी उबवणीच्या दुसऱ्या दिवसाचा कोंबडीचा भ्रूण द्रवाच्या थेंबात जिवंत ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पेशी वेगळ्या होताना, हात पसरून एकमेकींना गाठताना, त्यांच्या नळ्या होताना आणि त्यांच्यातूनच रक्तकण येताना त्यांनी पाहिलं. हृदयाचा पहिला ठोका हुकू नये म्हणून त्या रात्रभर जागल्या. १९२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री.

गैरसमज ३: अवयव तयार झाला की त्याला रक्तपुरवठा सुरू होतो.

वस्तुस्थिती: प्राणवायू पेशींमधून फार तर ०.१ ते ०.२ मिलिमीटर झिरपत जाऊ शकतो. त्याहून जाड होणाऱ्या कोणत्याही अवयवाला आपल्या आत रक्तवाहिनी हवीच असते. प्राणवायू कमी पडू लागला की त्या भागातल्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन बाहेर सोडतात. जवळच्या रक्तवाहिनीच्या भिंतीतली एखादी पेशी त्या दिशेला बारीक तंतू काढते, चाचपडत पुढे सरकते आणि तिच्या मागून नवी फांदी फुटते. या प्रथिनाची मात्रा किती काटेकोर लागते, ते १९९६ मध्ये दोन स्वतंत्र संशोधनगटांनी उंदरांवर दाखवलं. त्याच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी फक्त एक काढली, तरी पिल्लं पोटातच दगावली.

याहून विलक्षण गोष्ट २००१ मध्ये पुढे आली. रक्तवाहिन्यांच्या पेशीच होऊ शकत नाहीत अशा उंदराच्या भ्रूणात यकृताचा अंकुर धरला, पण पुढे वाढला नाही. तिथे रक्त वाहायला अजून सुरुवातही झाली नव्हती, म्हणजे अडलं होतं ते अन्न-प्राणवायूमुळे नव्हे. दुसऱ्या प्रयोगात बेडकाच्या भ्रूणातून महाधमनी होणाऱ्या पेशी काढल्या, तेव्हा स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तयार झाल्या नाहीत. अवयव रक्तवाहिनीला बोलावतो आणि रक्तवाहिनी अवयवाला "आता तू हो" असं सांगते. दोघांची घडण अशी एकमेकांवर अवलंबून असते.

गैरसमज ४: अवयव जिथे दिसतात तिथेच आणि त्याच रक्तवाहिन्यांसह तयार होतात.

वस्तुस्थिती: मूत्रपिंडाचं उदाहरण पाहा. गर्भात मूत्रपिंडाच्या तीन जोड्या एकामागून एक येतात. पहिली काही करत नाही, दुसरी थोडे आठवडे काम करून बहुतांशी विरते आणि तिसरी आयुष्यभर साथ देते. ही तिसरी जोडी पाचव्या आठवड्यात ओटीपोटात सुरू होते आणि नवव्या आठवड्यापर्यंत बरगड्यांच्या खाली पोहोचते. वाटेत ती रक्तपुरवठा बदलत जाते. आधी ओटीपोटातल्या धमन्यांकडून रक्त घेते, मग महाधमनीच्या खालच्या भागातून, मग आणखी वरून. वरची नवी धमनी मिळाली की खालची सुकून जाते.

काही वेळा ती सुकत नाही. म्हणूनच सुमारे चारातल्या एका माणसाच्या मूत्रपिंडाला एकाहून अधिक धमन्या असतात. त्याने सहसा त्रास होत नाही, पण किडनी दान करणाऱ्याच्या धमन्यांचा सीटी स्कॅन शस्त्रक्रियेआधी काढावा लागतो, त्याचं एक कारण हेच. दोन्ही मूत्रपिंडं खालच्या टोकाला जुळलेली असतील, तर वर जाताना आतड्याच्या एका धमनीला अडून ती खालीच राहतात.

गैरसमज ५: बाळाच्या अंगात आईचंच रक्त वाहतं.

वस्तुस्थिती: बाळ आपलं रक्त स्वतः बनवतं: आधी पीतकपिशवीत, मग यकृतात आणि नंतर हाडांच्या मगजात. वारेत आईचं रक्त आणि बाळाच्या केशवाहिन्या यांच्यामध्ये पातळ पडदा असतो. प्राणवायू, साखर, पाणी आणि काही प्रतिपिंडं त्यातून पलीकडे जातात, रक्तप्रवाह मात्र वेगळेच राहतात. गर्भाचं हिमोग्लोबिनही निराळं असतं आणि प्राणवायू अधिक घट्ट धरतं, म्हणून ते आईच्या रक्तातून तो ओढून घेऊ शकतं. दोघांचा रक्तगट वेगळा, म्हणजे आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी इंजेक्शन देतात. कारण प्रसूतीच्या वेळी बाळाचं थोडं रक्त आईच्या अंगात गेलं, तर आईचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं आणि ती पुढच्या बाळाला घातक ठरू शकतात.

गैरसमज ६: वार सगळं वाईट गाळून घेते.

वस्तुस्थिती: या समजुतीची फार मोठी किंमत जगाने मोजली आहे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे झोपेचं औषध बाजारात आलं आणि गरोदरपणातल्या मळमळीवरही ते घेतलं जाऊ लागलं. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतलं गेलं, तोवर अनेक देशांत मिळून दहा हजारांहून अधिक बाळं अर्धवट हातपाय आणि इतर दोष घेऊन जन्मली होती. धोक्याचा काळ होता साधारण २० ते ३६ व्या दिवसांचा. कोवळ्या, अजून घट्ट न झालेल्या रक्तवाहिन्यांवर या औषधाचा मारा होतो, हे २००९ मध्ये कोंबडीच्या भ्रूणावरच्या प्रयोगांत दिसलं. आज तेच औषध मल्टिपल मायलोमा या कर्करोगावर आणि कुष्ठरोगातल्या एका तीव्र प्रतिक्रियेवर दिलं जातं, मात्र गर्भ राहू नये याची कडक काळजी घेऊनच.

विषाणूंचंही तसंच. आईला सुरुवातीच्या महिन्यांत रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू होऊ शकतो, हे १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी दाखवलं. त्यातल्या अनेक बाळांना हृदयविकारही होता.

गैरसमज ७: ग्रहणात चिरलं-कापलं की बाळाचा ओठ फाटतो, हृदयाला छिद्र पडतं.

वस्तुस्थिती: यात फाटत काहीच नाही. वरचा ओठ चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी येणारे उंचवटे जुळून होतो. हे काम सातव्या आठवड्यापर्यंत संपतं. ते जुळले नाहीत तर फट राहते. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाने पूर्ण झालेला ओठ उसवत नाही.

हृदयाचंही तसंच. सुरुवातीची नळी वाकते, मग आत पडदे वाढून चार कप्पे होतात. खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा सातव्या आठवड्याच्या शेवटी पुरा होतो. तो अपुरा राहिला तर ज्याला आपण छिद्र म्हणतो ते दिसतं. वरच्या दोन कप्प्यांमध्ये तर गर्भात वाट मोकळी असावीच लागते, कारण फुप्फुसं अजून श्वास घेत नसतात. जन्मानंतर त्या वाटेवरची झडप मिटते. सुमारे चारातल्या एका प्रौढात ती पूर्ण चिकटलेली नसते आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

दर हजार बाळांमागे साधारण आठ ते दहा बाळं हृदयदोष घेऊन जन्मतात. बहुतेक वेळा एकच असं कारण सापडत नाही. लहान छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात, मोठ्यांवर उपचार आहेत. २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची अशा दोषांसाठी तपासणी होते. तेव्हा बाळाच्या आईला "तू त्या दिवशी सुरी का धरलीस?" असं विचारणं थांबायला हवं. त्या प्रश्नाने बाळाला काहीच मिळत नाही, आईला मात्र आयुष्यभराची बोच मिळते.

मग करायचं काय?

मूल हवं असं ठरवलं की डॉक्टरांना त्याच वेळी भेटावं, पाळी चुकण्याची वाट पाहू नये. फॉलिक ॲसिड सुरू करावं. रुबेलाची लस आधी घ्यावी, कारण गरोदरपणात ती देत नाहीत आणि घेतल्यावर महिनाभर थांबायचं असतं. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणावी. फिट्स येणं, मुरुम, रक्तदाब अशा कशावरही औषध चालू असेल तर डॉक्टरांना दाखवून ते बदलायचं का हे विचारावं आणि मनाने बंद करू नये. दारू आणि तंबाखू सोडावी. ही काळजी सासर-माहेरच्या सगळ्यांनी मिळून घ्यायची आहे, एकट्या सुनेने नव्हे. बाळाची घडण आपल्या हातात नसते. ती ज्या पहिल्या आठ आठवड्यांत होते, त्यांची तयारी मात्र पुष्कळशी आपल्या हातात असते.